सिद्राम अण्णांचा तिसावा दिवस

सिद्राम अण्णा कुठल्याही गोष्टीचा पहिला दिवस मोजत नाहीत. कायद्यात तसंच आहे म्हणे. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, की अण्णा मेडिकलवाल्याशी सहाव्या दिवसाच्या गोळीसाठी भांडणार. शेजारच्या बाळाचं बारसं बाराव्या दिवशी झालं, तर हे तेराव्या दिवशी झबलं घेऊन हजर. "पयला दिवस धरत नसत्यात, ताई," असं वर बाळंतिणीलाच समजावून आले.

सोलापूरच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे आणि अण्णा शेजारच्या वकीलसाहेबांचे कारकून. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही पक्षकाराची मुदत चुकलेली नाही. कुणी रडत आला, की माझ्या गैरहजेरीत निकाल लागला, माझं ऐकलंच नाही, तर अण्णा त्याला आधी पाणी देत नाहीत, तारीख विचारतात. निकालापासून तीस दिवसांत अर्ज केला तर कोर्ट तो खटला पुन्हा चालवू शकतं. "एकतिसाव्या दिवशी जजसायबांचे हात बांधलेले, मालक," असं म्हणून दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून दाखवतात. मालक म्हणजे मी. माझ्या मालकीचे दोन कॉम्प्युटर आणि एक डुगडुगतं स्टूल.

घरातही हाच कायदा. महानंदावहिनींनी रुसायचं तर तीन दिवसांत कारण सांगायचं. पुढं तक्रार दाखल करून घेतली जात नसे. सुरुवातीला वहिनी हसायच्या. आम्हाला अण्णांची नक्कल करून दाखवायच्या. मग हळूहळू त्या तीनही दिवस गप्पच राहायला लागल्या. सहा वर्षांपूर्वी अक्कलकोटकडं भावाकडं गेल्या, त्या तिकडंच राहिल्या. अण्णा आणायला गेले नाहीत.

यंदा वहिनींनी घटस्फोटाचा दावा लावला. समन्स घेऊन आलेला बेलिफ अण्णांच्या रोजच्या चहातला. तो बिचारा म्हणाला, पत्त्यावर सापडले नाहीत असं लिहितो. अण्णांनी त्याचंच पेन घेतलं. "समोर उभा हाय की मी," म्हणाले आणि सही केली. तारखेला मात्र गेलेच नाहीत. एकतर्फी निकाल लागला.

मग आमचा जीव टांगणीला. वकीलसाहेब, मी, कँटीनवाला, सगळे बोटं मोजत होतो. जगाच्या मुदती सांभाळणारा माणूस स्वतःची सोडेल कसा? विसाव्या दिवशी मी न विचारताच त्यांचा अर्ज टाईप करून टेबलावर ठेवला. अण्णांनी तो शांतपणे वाचला, पत्त्यातली एक चूक दुरुस्त केली आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

तिसाव्या दिवशी अण्णा साडेदहालाच, जिथं अर्ज दाखल करतात त्या खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. हात रिकामे. दोन वाजता वकीलसाहेब स्वतः आले, शेजारी बसून हळू आवाजात काहीबाही बोलले आणि कपाळ पुसत निघून गेले. चार वाजता मी दुकान उघडं टाकून धावलो. खिशात अर्जाची दुसरी प्रत.

"अण्णा, एक सही करा. एकच."

"बसा, मालक."

बसलो. समोर भिंतीवर घड्याळ. सव्वाचार. साडेचार. पावणेपाचला मला राहवेना. म्हटलं, आज राहू द्या, उद्या करू, कारण दिलं तर झालेला उशीर कोर्ट माफ करतं.

अण्णा पहिल्यांदाच हसले. "उशिराचं कारण काय लिवायचं? खिडकीसमोरच बसून हुतो?"

पाचला शिपायानं खिडकी ओढून घेतली. अण्णांनी लांब श्वास सोडला, माझा मोबाईल मागून घेतला आणि एक नंबर लावला. नंबर कुठं पाहावा लागला नाही. मोबाईल परत माझ्या हातात देत म्हणाले, "तिला सांगा, मुदत सरली. ह्या तीस दिवसांत माणसाची काय गत हुती, मी रोज बघतो. अर्ज येतोय का, कोर्ट परत ओढतंय का, म्हणून लई भ्याली असंल. माझा आवाज नको तिला."

वहिनींनी पहिल्याच रिंगला उचलला. मी कोण ते सांगितलं. पाच वाजले, अर्ज आलेला नाही, आता काळजी नको, हेही सांगितलं.



"केलाच न्हाई व्हय?" वहिनी म्हणाल्या. "सकाळपास्नं तीनदा वकिलाला इचारलं मी, आला का अर्ज म्हणून."

तो आवाज सुटका झालेल्या माणसाचा नव्हता. मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं.

मी मोबाईल खिशात टाकला.

"बरं म्हणाल्या," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली. गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठले.

"बगा," म्हणाले, "आज झोपंल ती निवांत."