शर्वचा आवाज मागे ठेवताना

शर्वचा व्हिसा मंजूर झाला, त्याच्या आवाजाचा नामंजूर झाला.

सासने कुटुंबाचे चारही पासपोर्ट एकाच पाकिटातून कोल्हापूरला परत आले. जयवंत, त्याची बायको मंजिरी आणि अकरा वर्षांची कैवल्या यांच्या पासपोर्टवर एकेक शिक्का होता. सहा वर्षांच्या शर्वच्या पासपोर्टवर दोन होते. दुसऱ्यात लिहिलं होतं, 'आवाजास प्रवेश नाही.' नऊ दिवसांच्या परदेश सहलीचं विमान आठ दिवसांवर आलं होतं.

जयवंत दुसऱ्याच दिवशी पुण्याला व्हिसा केंद्रात गेला. खिडकीतल्या बाईंनी फाइल शांतपणे चाळली.

"मुलाखतीत याला विचारलं, कुठे उतरणार, तर याने साहेबांनाच उलट तीन प्रश्न विचारले," त्या म्हणाल्या. "तसं गंभीर काही नाही. पण आवाजाचा अर्ज पुन्हा करायचा तर एकवीस दिवस लागतात."

"दुसरा काही मार्ग?"

"आवाज इथे ठेवून मुलाला नेता येईल. सांभाळणारं माणूस रक्ताच्या नात्यातलं हवं. हमीपत्रावर सही झाली की आवाज त्यांच्या घरी राहतो. मुलगा तिकडे जे बोलेल ते इकडे ऐकू येईल. फक्त त्याला रोज बोलतं ठेवा, नाहीतर आवाज बसतो."

मंजिरीने हे सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली.

"परक्या देशात त्याचा हात सुटला तर तो हाक कशी मारणार?"

"गळ्यात कार्ड अडकवू. नाव, हॉटेल, आपला नंबर."

"कार्ड वाचायला कुणीतरी थांबावं लागतं. हाक मारली की माणूस वळून तरी बघतो."

वर्गात सगळ्यांना सांगून बसलेली कैवल्या हळूच म्हणाली, "नाही गेलो तरी चालेल मला." त्यानंतर दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही.

शेवटी मंजिरीने अट घातली. आधी इथे करून बघायचं. तासभर, गर्दीत.

जयवंतची थोरली बहीण शालनअक्का राजारामपुरीत एकटीच राहायची. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. तिने हमीपत्र दोनदा वाचून सही केली. त्याच वेळी शर्व बोलत होता. "आत्या, तुझी सही एवढी" हे त्याच्या तोंडून आलं, आणि "वाकडी का?" हे फ्रिजच्या बाजूने. अक्काने फ्रिजकडे बघून सांगितलं, "घाईत केली की तशीच येते."

रविवारी जयवंत आणि मंजिरी शर्वला घेऊन लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेले. मंजिरीने शर्वचं मनगट घट्ट धरलं होतं. टोमॅटो घेताना पिशवी सावरायला तिने ते क्षणभर सोडलं. पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

दोघांनी त्याच्या नावाने हाका मारल्या. मारताना दोघांनाही ठाऊक होतं, ओ येणार नाही. मंजिरी हातगाड्यांखाली वाकून बघू लागली. भोवतालचे विक्रेते भाव ओरडत होते.

जयवंतचा फोन वाजला.

"तो हाका मारतोय," अक्का म्हणाली. "आधी आई म्हणाला. मग, काका, जरा सरका ना. आता नुसता रडतोय."

"आणखी काही बोलला?"

"थांब. म्हणतोय, घाण वास येतोय. बोंबलाचा."

दोघं सुक्या मासळीच्या ओळीकडे धावले. शर्व टोपल्यांच्या मागे उभा होता. तोंड पूर्ण उघडं, चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताणलेल्या. हातभर अंतरावर बसलेली बाई शांतपणे जवळा मोजून देत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मंजिरीने त्याला उचललं. मग जयवंतच्या हातून फोन घेतला, कानाला लावला, आणि कुशीतल्या मुलाचं रडणं थांबेपर्यंत ऐकत राहिली.

आता ती कायमचं नाही म्हणेल, असं जयवंतला वाटलं. तिने घरी येताना विचारलं, "अक्का नऊ दिवस फोन खाली ठेवणार नाहीत ना? मला लेखी हवंय."

अक्काने लिहून दिलं. आंघोळीच्या वेळी शेजारच्या दळवीबाई फोनपाशी बसतील, हेही खाली नमूद केलं. दळवीबाईंनी साक्षीदार म्हणून सही केली.

गुरुवारी सकाळी भाड्याची गाडी मुंबईच्या विमानतळाकडे निघाली. जयवंत ड्रायव्हरशेजारी बसला होता. कऱ्हाडच्या पुढे खिडकीशी बसलेल्या शर्वचे ओठ हलले आणि फोन वाजला. मंजिरी ताठ झाली. शर्वचं मनगट तिच्याच हातात होतं.

"काय झालं, अक्का?" जयवंतने विचारलं.

"विचारतोय, आलं का."

"सांग त्याला, अजून पाच तास आहेत."

"मी कसं सांगू? त्याचे कान तुमच्याजवळ आहेत."

जयवंत मागे वळला. "अजून पाच तास आहेत," तो शर्वला म्हणाला.

शर्वने थोडा विचार केला. त्याचे ओठ पुन्हा हलले. जयवंत फोन हातात धरून तो वाजायची वाट पाहू लागला.