हमीदाबीचा सिनेमा

हमीदाबीनं एकच सिनेमा भिंगारातल्या घराघरांत सांगितला आणि प्रत्येक घरी तो निराळा होता. एका घरी त्यातली सासू विहिरीत पडली, तर दुसऱ्या घरी तीच सासू सुनेच्या हातात पाटल्या घालून काशीला गेली. बरं, विचारायला जावं तर बाई छातीवर हात ठेवून सांगायची, "या डोळ्यांनी बघून आले बया. खोटं बोलत आसंन तर जीभ झडंल माजी."

तिची जीभ काही अखेरपर्यंत झडली नाही.

हमीदाबी आमची बांगडीवाली. साठीला आलेली, अंगानं चांगली ऐसपैस. ओसरीवर बसली की येणाऱ्याजाणाऱ्यानं वळसा घालून जावं. डोक्यावर बांगड्यांची पाटी, कमरेला पानाची डबी आणि आवाज असा, की पलटणीतल्या सुभेदारानं येऊन शिकवणी लावावी. आमच्या ओसरीवर ती "सूनबाई, हात ढिल्ला सोड" म्हणाली, की मागच्या आळीतल्या सुनासुद्धा हात ढिल्ला सोडत असतील. बाईला ऐकायला कमी येतं, असं आम्ही सगळ्या धरूनच चाललो होतो. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात, त्यातलंच हे.

पण बांगड्या भराव्यात तर तिनंच. घट्ट बांगडी चढवायची म्हणजे बाईला आधी गोष्टीत गुंतवावं लागतं. हाताकडं लक्ष गेलं की हात आखडतो आणि बांगडी वाढते. म्हणून हमीदाबी डाव्या हातानं समोरच्या बाईची बोटं चेपायची, उजव्या हातानं बांगडी सरकवायची आणि तोंडानं अखंड बोलत राहायची. कुणाची म्हैस व्याली, कुठल्या साहेबाची मडम रुसली, काय वाट्टेल ते. "आणि मग काय झालं हमीदाबी?" असं आपण विचारावं, तोवर बांगडी मनगटावर किणकिणत असायची.

दिवस लढाईचे होते. साखर रेशनची, त्यामुळं चहा गुळाचा. भिंगारात जिकडंतिकडं खाकी कपडे. अशात गावाबाहेरच्या मैदानात सिनेमाचा तंबू आला आणि त्यात एक विनोदी कौटुंबिक चित्र लागलं. त्याचं नाव मी आता विसरले. आठवत असतं तरी सांगायला लाजले असते, इतकं ते खुळं होतं. कुणी एक चिक्कू सासरा असतो, त्याच्याकडं तीन जावई दिवाळसणाला येतात आणि परत जायचं नावच काढत नाहीत. झालं. एवढ्यावर सगळा धिंगाणा.

पुरुषमंडळी पाहून आली. आमच्या मामंजींचं मत पडलं, "वात्रटपणा." तरी ते दोनदा गेले. आमच्या ह्यांचं मत, "ठीक." ह्यांना लग्नातल्या पंगतीपासून लढाईपर्यंत सगळंच ठीक वाटायचं. शेजारच्या वामनरावांनी तर एवढंच सांगितलं, की शेंगदाणे खवट होते. आता यावरून कुणाला सिनेमा कळणार? आणि आम्हां बायकांना त्या तंबूत पाऊल टाकायची सोय नव्हती. शिपायांची गर्दी, शिट्ट्या, आरडाओरडा. आम्ही आपल्या घरात बसून मैदानावरच्या इंजिनाचा भकभक आवाज ऐकायचा.

हमीदाबी तंबूवाल्याच्या बायकोला बांगड्या भरायला गेली, ती तिच्याशेजारी ठाण मांडून सिनेमा बघूनच उठली. दुसऱ्या दिवसापासून म्हशी आणि मडमा मागं पडल्या. आता पाटी उतरली की सिनेमा.

पण त्याला तिकीट होतं. कपभर चहा. चहा पोटात गेल्याशिवाय जावई स्टेशनावर उतरायचेच नाहीत. आणि मध्ये कुणी बोललं की डोळे वटारून, "तिकीट काडलंय का? मंग गप बसायचं." एकदा आमच्या सासूबाई मध्ये काही बोलल्या तर त्यांनाही हेच ऐकवलं. सासूबाईंना आयुष्यात "गप" म्हणणारी ती एकटीच.

आमच्या घरात या खेळाला आणखी एक श्रोता होता, तो दिसत नसे. माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या वन्सं. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी. लग्न झालं, दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आल्या. बांगड्या भरायचा दिवस म्हणजे सवाष्णींचा दिवस. त्या दिवशी वन्सं ओसरीवर यायच्या नाहीत. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटून आत बसायच्या. चहा त्या करायच्या आणि मी बाहेर न्यायची. दारामागून त्यांचं हसणं कधी ऐकू आलं नाही. पण गोष्ट रंगात आली की आतून चर्र असा आवाज यायचा, चहा उतू गेल्याचा.

"लक्ष कुठं असतं हिचं!" सासूबाई कपाळाला आठ्या घालायच्या.

हमीदाबी तेवढ्यापुरती थांबायची, पान तोंडात सारायची आणि मग आणखीच मोठ्यानं सुरू व्हायची. कानाला दडे बसायचे हो आमच्या!

भांडण पेटलं ते आडावर, आमच्या आळीतल्या गोदूचं आणि शांताचं. गोदूची सासू म्हणजे आग. तेव्हा गोदूच्या घरी, सासू दळणाला गेलेली पाहून, हमीदाबीनं सिनेमातल्या सासूला विहिरीत ढकललं होतं. शांताचा नवरा पलटणीबरोबर परमुलखात, पत्र येईल तेव्हा येईल. तिच्या घरी तिसरा जावई शिपाई निघाला आणि शेवटी धडधाकट परत आला. आमच्याकडं बांगड्यांचे पैसे सासूबाईंच्या कनवटीला, म्हणून आमच्या सिनेमातली सासू साक्षात अन्नपूर्णा. काशीला गेली ती हीच.

"तिसरा जावई शिपाई कसा असेल? तो तर वैद्य," गोदू म्हणाली.

"वैद्य? अगं, छातीवर बिल्ला होता त्याच्या!" शांता.

"तू पाहिलास?"

"मग तू पाहिलास?"

कुणीच पाहिला नव्हता. पण दोघींनी घागरी आदळल्या आणि चार दिवस बोलणं टाकलं. शेवटी हमीदाबीला साक्षीला बोलावलं. तिनं शांतपणे पान थुंकलं आणि निवाडा दिला, "दोगी बी खऱ्या. शिनेमा लई लांब आसतोय बायांनो. ज्येला जेवडा दिसंल तेवडा त्येचा." न्यायाधीश होण्याच्या लायकीची बाई बांगड्या विकत फिरत होती, दुसरं काय!

मग एके दिवशी टांग्यातून कर्णा ओरडत गेला. रविवारी, दिवेलागणीचा खेळ फक्त बायकांसाठी. आळीत एकच धांदल उडाली. आता सोक्षमोक्ष लागणार. जावई वैद्य की शिपाई, सासू विहिरीत की काशीत, सगळं डोळ्यांनी दिसणार.

त्या संध्याकाळी वन्सं सासूबाईंच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आई, मी जाऊ?"

घरी परत आल्यापासून त्यांनी काही मागितल्याचं मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी बराच वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाल्या, "हमीदाबी सांगते तसा असेल तर सोज्वळ आहे. जा." वन्संनी त्या रात्री आपलं धुवट पातळ घडी करून उशाशी ठेवलं, पोरीबाळी जत्रेआधी ठेवतात तसं.

ही बातमी मी मोठ्या उत्साहानं हमीदाबीला सांगितली. तिच्या हातातली बांगडी काटकन माझ्या मनगटावर वाढली. असं तिच्या हातून कधी होत नसे.

"कोन? ताई बी येनार?"

"हो. वन्संसुद्धा."

"नका जाऊ." तिचा आवाज एकदम उतरला. "फालतू शिनेमा हाय. ढेकणं हायती तंबूत. पडद्याला भोक हाय. विंजान मधीच बंद पडतंय."

मला हसू फुटलं. "एवढे दिवस तर सिनेमा म्हणजे अमृत होता! आता पितळ उघडं पडणार म्हणून घाबरलात होय?"

"माजं पितळ पडूं दे गं उगडं," ती म्हणाली. "माजं काय जातंय?" पाटी उचलून निघाली ती चहा न घेताच. मला वाटलं, खरंच घाबरली बिचारी.

रविवारी आम्ही सतरंज्या घेऊन तंबूत बसलो. गोदू, शांता, मी आणि माझ्याशेजारी वन्सं. हमीदाबी बुरखा घेऊन आमच्या आधीच आली होती; आम्ही बसल्यावर ती सरकत सरकत नेमकी वन्संच्या पुढं येऊन बसली. अंधार झाला, इंजिन भकभकलं आणि पडद्यावर सासरा आला. वन्संनी माझा हात घट्ट धरला. पहिला जावई घसरून पडला तेव्हा त्या खुदकन हसल्या. इतकं छान हसता येतं या बाईला, हे मला तेव्हा कळलं.

तिसरा जावई ना वैद्य होता ना शिपाई. तो कुणीच नव्हता, नुसता खायचा. सासू तर पहिल्याच रिळात दोनदा खोकली आणि पुढं दिसलीच नाही. गोदू मला कोपरानं ढोसत होती.

आणि मग आली आत्या.

सासऱ्याची विधवा बहीण. आलवण नेसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला, कोपऱ्यात बसून डब्यातले लाडू चोरून खाणारी. सगळ्या सिनेमाची गंमत म्हणजे तीच. तीन जावई तिची टर उडवतात, तिच्या पदरात बेडूक सोडतात, ती किंचाळत घरभर पळते आणि सगळं घर पोट धरून हसतं. तंबूही हसत होता. हमीदाबीनं इतक्या घरी इतक्या तऱ्हांनी सिनेमा सांगितला, पण ही आत्या तिच्या तोंडून कुठंच, एकाही घरात, निघाली नव्हती.

माझ्या हातातला वन्संचा हात सैल पडला.

तेवढ्यात हमीदाबी उठून उभी राहिली. पडदा दिसेनासा झाला. "पानाची डबी पडली वाटतं," म्हणत ती इकडं वळली, तिकडं वळली. मागून ओरडा झाला, "अहो, बसा की!" आत्या आत गेली तशी ती बसली. आत्या पुन्हा आली, पुन्हा ही उभी. आता चप्पल सापडत नव्हती. "आगं बाई, बसा खाली! म्हैस आडवी आल्यागत काय करता!" कुणीतरी शेंगांची टरफलं फेकली. ती टरफलं झटकत, शिव्या झेलत, हमीदाबी ऐसपैस अंगानिशी उभीच. तिसऱ्यांदा बुरख्याचा बंद सुटला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

वन्संनी पुढं वाकून तिचा बुरखा हळूच ओढला. "बसा हमीदाबी," त्या म्हणाल्या. "दिसलं मला."

हमीदाबी बसली. खेळ संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

परत येताना बायकांनी तिला वाटेतच धरलं. सासू कुठं गेली, शिपाई कुठं गेला? आणि ही आत्याबाई? ती तर तुमच्या सिनेमात नव्हतीच!

"ती आली तवा मी पान थुकाया गेल्ते," हमीदाबी म्हणाली.

"दर वेळी?" गोदू.

"लई पान खाते मी."

सगळ्या हसल्या. वन्सं हसल्या नाहीत. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कसा होता गं?" त्या "बरा होता" म्हणाल्या आणि पातळ बदलायला गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस चहा उतू गेला नाही, कारण हमीदाबी आमच्या दारावरून पाटी घेऊन सरळ पुढं निघून जायची.

मग संक्रांत आली आणि सासूबाईंनी निरोप धाडून तिला बोलावून घेतलं. ती आली, ओसरीच्या कडेला अंग चोरून बसली. एवढी मोठी बाई, पण मला ती त्या दिवशी लहान दिसली. मुकाट्यानं माझा हात घेतला आणि मुकाट्यानं बांगड्या भरू लागली. मी म्हटलं, "तंबूत नवं चित्र लागलंय म्हणे." तर म्हणते, "शिनेमा बगायचा सोडला म्या." माझा हात आखडला.

तेव्हा स्वयंपाकघराचं दार पुरतं उघडलं.

वन्सं कपबशी घेऊन उंबरठ्याच्या बाहेर आल्या. ऐन बांगड्यांच्या वेळी. सासूबाईंनी लेकीच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि त्या जरा सरकून बसल्या. वन्संनी बशी हमीदाबीपुढं ठेवली आणि आमच्याच रांगेत सतरंजीवर बसल्या.

"हे माझं तिकीट," त्या म्हणाल्या. "आता त्या आत्याचं सांगा."

 हमीदाबीनं डोळ्यांना पदर लावला. "तुजं तिकीट पयल्या दिसापासनं पोचतंय लेकी," ती म्हणाली. "निम्मा च्या चुलीत सांडतीस आन् निम्मा मला देतीस. म्हाईत न्हाई व्हय मला?"

मग आत्या आली. लाडू चोरून खात नव्हती, लाडवाच्या डब्याची किल्लीच तिच्या कमरेला होती. घरात पानसुद्धा तिला विचारून हलायचं. तीन जावयांनी बेडूक आणला तर तिनं तो त्यांच्याच टोप्यांत सोडला, लाटणं घेऊन तिघांना स्टेशनापर्यंत पिटाळलं आणि येऊन दिमाखात झोपाळ्यावर बसली. वन्सं हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. सासूबाई "हळू गं" म्हणाल्या, तर हमीदाबीनं त्यांच्यावर डोळे वटारले.

ही सगळी गोष्ट तिनं हलक्या आवाजात सांगितली, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी. आम्हांला पुढं सरकून ऐकावं लागलं. तिला ऐकायला कमी येतच नव्हतं. इतके दिवस ती दारापलीकडं पोचावं म्हणून ओरडत होती.