प-ती-तां-फां

आमच्या कॉलनीतले गायकवाड काका बागेत फ्रेंच चालतात. एका पावलाला एक अक्षर. ‘बों’ला डावा पाय, ‘झूर’ला उजवा. वडील महूच्या छावणीत कवायत शिकवायचे, त्यामुळे काकांचं ठाम मत की जीभ चुकते, पाय चुकत नाही. तीन अक्षरांचा शब्द आला की उजवा पाय हवेतच राहतो आणि मागून येणारे त्यांच्यावर आदळतात.

सत्तरी उलटल्यावर हे गृहस्थ पलासिया भागातल्या फ्रेंचच्या क्लासमध्ये, कॅनडाला निघालेल्या पोरापोरींच्या शेजारी जाऊन बसले. कारण एकच, नात. मुलगा फ्रान्समध्ये, सून तिकडचीच. चार वर्षांच्या लेआला फ्रेंचखेरीज काही येत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर काका नुसतेच हसत बसायचे.

मलाही त्यांनी शिकवायला धरलं. “भिया, शेवटचं व्यंजन लिहायचं, पण बोलायचं नाही. एकदम चुप!” त्यांचा लाडका शब्द ‘पती’, म्हणजे लहान. लिहिताना शेवटी आणखी एक ‘त’ असतो, तो मुका. सकाळभर हा विधुर माणूस ‘पती, पती’ पुटपुटत फिरायचा. शेवटी शुक्ला भाभींनी मला बाजूला घेतलं, “काकाजी की तबीयत तो ठीक है ना?”

दिवाळीनंतर मुलाचा संसार मोडला. सून लेआला घेऊन दुसऱ्या गावी गेली आणि रविवारचे कॉल बंद झाले. मला फार वाईट वाटलं. काय बोलावं सुचेना, म्हणून मी बागेत जायचंच टाळलं.

काल त्यांनी मला फाटकाशीच गाठलं. पाय चालूच होते. प-ती-तां-फां.

“हे काय नवीन?”

“नातवंड! ‘आंफां’ म्हणजे मूल. ‘पती’च्या पुढे ‘आंफां’ आलं ना, की तो मुका ‘त’ बोलायला लागतो. पुढे स्वर पाहिजे, बस. आणि भिया, मजा बघ, तो आपल्या घरात नाही थांबत. उठून लेकराच्या अक्षरात जाऊन बसतो. तां!”

“पण काका, आता कॉल तर...”

“हां, नाही येत.” ते थांबले. “पण कधी तिने हाक मारली आणि मी चुप बसलो, असं नाही झालं पाहिजे ना.”

काकांनी डावा पाय उचलला, मीही उचलला. ‘तां’पाशी त्यांचा आवाज फाटला. पाऊल मात्र बरोबर पडलं.