अर्ध्या वाक्यातून उठणारा दिगंबर

दिगंबर बोलता बोलता उठून जातो. गप्पा संपल्या, चहा झाला, आता निघावं, असं त्याचं नसतं. वाक्य अर्धं असतं, कप अर्धा असतो, समोरचा नुकताच "तुला सांगतो" म्हणून पुढे सरकून बसलेला असतो, आणि दिगंबर दोन्ही गुडघ्यांवर थाप मारतो, "चला, बराबर आहे," म्हणतो आणि चपला घालून चालायला लागतो. काय बराबर आहे, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

दुसऱ्यांची वाक्यं तो तोडतोच, स्वतःचीही तोडतो. "त्या डॉक्टरानं म्हशीला तपासलं अन् मालकाला म्हणतो कसा..." इथे थाप पडते. दुसऱ्या दिवशी बाजारात भेटला की रामराम नाही, काही नाही. थेट म्हणतो, "ताप म्हशीला न्हाई, ताप तुम्हाला आहे." ऐकणारा कपाळाला हात लावून बघतो.

अंबडला आम्ही चौथीपासून एका बाकावर बसलो. पुढे तो तीर्थपुरीच्या शाळेत गणिताचा मास्तर झाला. रोज एसटीनं जाऊन येऊन त्यानं तिथं तीस वर्षं काढली, आणि गावानं त्याचं नाव 'निघालेगुरुजी' ठेवलं. शाळेत मात्र घंटा होईपर्यंत तो वर्गातून हलायचा नाही. त्याच्या विद्यार्थ्यांना हे थापेचं प्रकरण सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं.

त्याच्यासाठी मुलगी बघायला आष्टीला गेलो, तेव्हा मी सोबत होतो. तो, त्याचे मामा आणि मी. पोहे आले, मुलगी आली. मामांनी नाव विचारलं, तिनं सुलोचना म्हणून सांगितलं. शिक्षण विचारलं. ती "बारावी झाली, अन् पुढं..." इतकं म्हणते तोवर थाप पडली. दिगंबर बाहेर. मामा पोह्यांच्या बशीसकट उभे राहिले. मुलीचे वडील अनवाणी स्टँडपर्यंत धावले. लिंबाखाली हा एसटीची वाट बघत उभा. वडील धापा टाकत म्हणाले, "पाव्हणं, पोरगी पसंत न्हाई का?"

दिगंबरला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "पसंत आहे की. म्हणून तर उठलो."

पुढे एकदा मी सुलोचनावहिनींना विचारलं, की तुमचं ते वाक्य पुरं झालं का कधी. त्या म्हणाल्या, "लग्नानंतर तिसऱ्या दिवशी. भाकरी खाता खाता म्हणाले, अन् पुढं काय? मी म्हणलं, डी. एड. करायचं होतं. ताटावरून उठून गेले. दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन आले." वहिनी शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, ते त्या फॉर्ममुळे.

स्वतःच्या घरातूनसुद्धा तो उठून जातो. पाहुणे ताटावर बसलेले असतात आणि यजमान कोपऱ्यावर पोचलेला असतो. वहिनी वाढता वाढता म्हणतात, "गेले ते. आता तुम्ही निवांत जेवा." त्याच्या निरोप समारंभात प्रमुख पाहुणे 'अशी माणसं आता मिळणे नाही' इथवर आले, तेव्हा पाहुण्यांनी शेजारी वळून बघितलं तर खुर्ची रिकामी. शाल आणि नारळ घेऊन शाळेचा शिपाई त्याला शोधत निघाला. दिगंबर त्याला भाजीबाजारात सापडला, मेथीची जुडी निवडताना. नारळ त्यानं मेथीच्याच पिशवीत टाकला.

गेल्या महिन्यात मी चार दिवस अंबडला गेलो होतो. नोकरीच्या निमित्तानं मी नाशिकला गेलो तो तिथलाच झालो. आता वडिलांचं घर विकायचं होतं. तिसऱ्या दिवशी कागदांवर सह्या झाल्या आणि गावात माझं म्हणावं असं काही उरलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी चारच्या बसनं जालना आणि तिथून रेल्वेनं नाशिक, असं ठरलं होतं. तेवढ्यात जुन्या सोबत्यांना भेटून घ्यावं म्हणून सकाळी दिगंबरला फोन केला.

दहाव्या मिनिटाला स्कूटर घेऊन तो दारात. सहा वर्षांनी भेटत होतो. मला बघून म्हणाला, "तर मंग त्यांनी ती चिंच तोडलीच न्हाई."

"कोणती चिंच?"

गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या वडिलांच्या तेराव्याला तो जे बोलत होता, त्याचा हा उत्तरार्ध होता म्हणे. मला पूर्वार्ध आठवेना. मी मागे बसलो आणि म्हणालो, "आधी राजाभाऊकडं घे."

राजाभाऊ म्हणजे आमच्या वर्गाचा आवाज. शाळेच्या गॅदरिंगमध्ये माईक त्याच्या हातात. नोकरीत मन लागलं नाही म्हणून त्यानं रिक्षावर भोंगा बांधला, आणि सर्कशीपासून सप्त्यापर्यंत गावात काय असेल ते लोकांना त्याच्या तोंडून कळायचं. माझा तो सगळ्यात जवळचा. दीड वर्षापासून फोन उचलत नव्हता. त्यानं नंबर बदलला असेल, असं मी धरून चाललो होतो. खरं तर तेवढंच धरणं सोयीचं होतं.

"राजाभाऊचं राहू दे," दिगंबर म्हणाला.

"गावात न्हाई का?"

"आहे. राहू दे." आणि त्यानं स्कूटर रफिकच्या कापड दुकानाकडे वळवली.

रफिकनं मला गादीवर ओढून बसवलं. "बैठ यार, जल्दी कशाची? गाव काय पळून चाल्लंय?" चहा आला. माझा कप भरलेला, दिगंबरचा अर्धा. "याला मी अर्धाच भरतो," रफिक म्हणाला, "बाकीचा फेकून द्यावा लागतो." आम्ही शाळेच्या मागच्या बोरी आठवून हसत होतो, तेवढ्यात थाप पडली. मी वळून बघतो तर दिगंबरही नाही, स्कूटरही नाही.

रफिकनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. "तू आरामात बस. मंदाकडं चालत जा, दोन गल्ल्या तर आहेत."

मंदाकिनी आमच्या वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी, आता निवृत्त नर्स. मी कडी वाजवायच्या आत तिनं दार उघडलं. "ये. दिगू आल्ता मघाशी. म्हणला, शाम्या येऊन राह्यला, पिठलं टाक. टेकलासुद्धा न्हाई. गेला."

पिठलं-भाकरी वाढून ती समोर बसली, तेव्हा मी तिला राजाभाऊचं विचारलं.

"दिगूनं सांगितलं न्हाई?"

"राहू दे म्हणाला."

"दीड वर्ष झालं. पक्षाघात. उजवी बाजू गेली अन् बोलणं गेलं. 'म्हणजे' एवढा एकच शब्द राह्यलाय. काही विचारा, 'म्हणजे'." तिनं मला आणखी पिठलं वाढलं. "त्याला कोणी भेटलेलं चालत न्हाई. रफिक गेल्ता तर भिंतीकडं तोंड केलं. मी गेले तर डोळ्यांवर टॉवेल ओढून घेतला. बायको तर आधीच गेली. पोरगा जालन्याला कारखान्यात, सून शाळेत. अकरा ते पाच घरात कोणी न्हाई. दिगू जातो. कुशीवर कसं वळवायचं, जखमा होऊ नयेत म्हणून पाठ कशी पुसायची, ते मीच शिकवलं त्याला. सकाळपासून तिकडंच पळून राह्यला असंल तो, मधून मधून."

"मग मी जाऊ नको म्हणतेस?"

"ते मी कसं सांगू," ती म्हणाली. "घर तर विकून बसलास. परत कधी येणार आहेस?"

दोन वाजता मी राजाभाऊच्या दारात होतो. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत कॉटवर उशांना टेकून राजाभाऊ बसलेला. गळ्याभोवती टॉवेल, तोंडाला साबणाचा फेस. समोर स्टुलावर दिगंबर, हातात वस्तरा. मला बघताच राजाभाऊनं भिंतीकडे तोंड फिरवायला सुरुवात केली. दिगंबरनं डाव्या हातानं त्याची हनुवटी धरली.

"हलू नको राजा, लागंल. अर्धीच झाली आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला म्हणलं होतं राहू दे." आणि पुन्हा राजाभाऊला, "मी न्हाई आणला याला. आपल्या पायानं आला. अर्ध्या दाढीनं भिंतीकडं बघून काय करशील? होऊ दे एवढी, मंग फिरव तोंड."

राजाभाऊ डोळे मिटून राहिला. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. दिगंबर दाढी करता करता बोलायला लागला. रफिकच्या दुकानात आज कोण होतं, रफिक काय म्हणाला, मंदाकडं पिठल्याचा वास गल्लीपर्यंत कसा आल्ता, स्टँडवर दोन कंडक्टर कशावरून भांडले, मग त्यांना कुणी सोडवलं आणि सोडवणाऱ्यालाच कसं लागलं. एकेक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इतक्या वर्षांत दिगंबरच्या तोंडून गोष्टीचा शेवट मी त्याच बैठकीत पहिल्यांदा ऐकत होतो.

राजाभाऊ मधून मधून "म्हणजे" म्हणायचा. कधी वर चढवून, कधी ओढून, कधी नुसताच. दिगंबर त्याला बरोबर उत्तर द्यायचा. "न्हाई न्हाई, तो न्हाई, त्याचा धाकटा." किंवा, "ते तर मी पण म्हणलं त्याला."

दाढी झाली. दिगंबरनं ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. राजाभाऊनं डोळे उघडले आणि भिंतीकडे न वळता माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

"घर विकलं रे, राजा," मी म्हणालो.

"म्हणजे?" राजाभाऊ म्हणाला.

मी दिगंबरकडे बघितलं.

"विचारून राह्यला, आता आलास तर उतरशील कुठं," दिगंबर म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्यानंच सांगून टाकलं, "माझ्याकडं उतरंल, राजा. आणखी कुठं?"

तासभर बसलो. मी नाशिकचं सांगितलं, नातीचं सांगितलं. एकदा राजाभाऊ हसला, तोंडाच्या एकाच बाजूनं. दिगंबर स्टुलावरून उठला तो फक्त त्याला कुशीवर वळवण्यासाठी. मला आपलं वाटून गेलं, हा माणूस चौथीपासून प्रत्येक ठिकाणाहून उठून जातो आहे. या दीड वर्षात पहिल्यांदा त्याला खरोखर कुठं तरी जायचं असतं.

साडेतीनला मी उठलो. राजाभाऊनं डावा हात थोडा उचलला. मी तो धरला, मग सोडला. दिगंबर माझ्यामागं दारापर्यंत आला.

"मंगळवारी याला फोन करत जा," तो हळू आवाजात म्हणाला. "मंगळवारी सुलोचनाला घेऊन जालन्याला जावं लागतं, तिच्या गुडघ्याच्या शेकासाठी. दिवसभर हा एकटा असतो. डाव्या अंगठ्यानं हिरवं बटण दाबायला शिकवलंय मी. तुझा नंबर दिसला तर उचलंल आता."

"काय बोलू त्याच्याशी?"

"काही पण. फक्त सगळं सांग. अर्धवट ठेवू नको, त्याला झोप येत न्हाई." एवढं बोलून तो आत गेला. स्टूल सरकवल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

आता दर मंगळवारी दुपारी तीनला मी फोन करतो. पहिल्या वेळी बारा वेळा रिंग वाजली आणि मग पंखा ऐकू आला. मी बोलत राहिलो. आता रविवारपासूनच मी बघून ठेवतो, काय सांगता येईल. शेजारणीची मांजर, भाजीवाल्याचं भांडण, काहीही. तिकडून "म्हणजे" येतं. मला अजून त्यातले दोनच कळतात.

बुधवारी सकाळी दिगंबरचा फोन येतो.

"काय म्हणला राजा?"

"म्हणजे म्हणाला."

"कोणतं म्हणजे? कसं म्हणला?"

मी जमेल तसं म्हणून दाखवतो. तो विचार करतो. "ओढून म्हणला का? मंग ते चिडलेलं न्हाई. ते पुढं सांग असं आहे. बराबर आहे."

परवाच्या बुधवारी एवढं सगळं झाल्यावरही त्यानं फोन ठेवला नाही. मग त्याचा आवाज आला, जरा वेगळाच, शाळेत मार्क विचारायला गेलेल्या पोरासारखा.

"शाम्या, मी नव्हतो काल. माझं नाव काढलं का रे त्यानं?"

"काढलं," मी म्हणालो. "दोनदा काढलं."

"मला वाटलंच," दिगंबर म्हणाला.