रामटेके सरांचा जलरंगाचा वर्ग

रामटेके सर माझ्या एकटीसमोर उभे राहून म्हणतात, "मागच्यांनी गडबड करू नका." मागे भिंत असते आणि भिंतीला त्यांची सायकल टेकवलेली असते.

घाटंजीत आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून आता निवृत्त झालेत. मी शेजारीच राहते, ब्लाउज शिवते. मागच्या वर्षी नळावर घसरून माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, भीती काही निघाली नाही. डॉक्टर म्हणाले, हात चालवा. मी तो पदरात गुंडाळून बसायची. मशीनवर चादर टाकून दिली होती.

एका सकाळी सर दारात आले. म्हणाले, आपण जलरंगाचा वर्ग काढलाय, एक जागा रिकामी आहे. मी म्हटलं, मला साधा आंबा काढता येत नाही. तर म्हणाले, आंबा आपल्या अभ्यासक्रमात नाहीच.

खरंच नव्हता. कितीतरी दिवस नुसता सपाट वॉश, म्हणजे कागदभर एकसारखा पातळ रंग. कागद लावलेला पाट जरा तिरपा ठेवायचा, रंगानं भरलेला ब्रश या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यायचा, खाली ओघळून साचलेला रंग पुढच्या फटकाऱ्यानं उचलायचा. मी ब्रश दाबला की सर कळवळायचे. "पाणी आपल्या मनानं खाली येऊन राह्यलं, तुमी कायले ढकलता त्याले?" ऑक्टोबरच्या उन्हात माझा वॉश मध्येच वाळून पट्टे पडायचे. सर त्यांना कपाशीची तासं, शेतातल्या ओळी, म्हणायचे आणि पुढचा कागद द्यायचे.

मग ओल्या कागदावर रंग सोडणं आलं, कोरड्या ब्रशनं गवत आलं. शेवटी टोकानं बारीक रेघ, दाबून जाड, उचलून पुन्हा बारीक. यात मनगट वळायचं, दुखायचं. तेव्हा सर छताकडे बघत सगळ्या वर्गाला सुट्टी जाहीर करत.

बाकीचे विद्यार्थी काही आले नाहीत. सर सांगायचे, कोणी मुकुटबनला पाहुणं म्हणून गेलंय, कोणाकडे कापसाची वेचणी आहे.

एक दिवस रेघा ओढता ओढता लक्षात आलं, दुखत नाहीये. घरी जाऊन मशीनवरची चादर काढली, एक बाही जोडली. शिवण सरळ आली. तशीच ती सरांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, झालं तर मग, वर्ग बंद.

मी विचारलं, "सर, वर्गात दुसरं कोणी होतं का हो?"

ते ब्रश धूत होते. "तुमी एका हातानं कपडे वाळू घालतांनी दिसत होत्या. चिमटे दातात धरून." ब्रश झटकून म्हणाले, "अन् कुंदा गेल्यापासून माह्या घरात कोणी बोलत नव्हतं. मलेही वर्ग पाह्यजेच होता."

कुंदाताई म्हणजे त्यांच्या पत्नी.   मी एवढंच विचारलं की, उद्या काय शिकवणार?

सरांनी ब्रशचं टोक बोटांनी नीट केलं.

"ढग घेऊ," ते म्हणाले. "अन् चहा घरून पिऊन येऊ नका."