नागोरावांचा खून

दार उघडलं की चपला काढता काढताच नागोराव माझ्या बायकोला विचारत, "सूनबाई, आमचा खून थंड हाय ना?" पुण्याहून आलेल्या माझ्या मेव्हण्याने हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा त्याच्या हातातला चहा सतरंजीवर सांडला.

आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांना खून म्हणजे साधं रक्त. आणि नागोरावांचं रक्त म्हणजे एक इंजेक्शन. नल्लकुंट्यात आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर ते एकटे राहत. किडन्या थकलेल्या, म्हणून अंगात रक्त कमी. आठवड्याला एक सुई, आणि ती थंडाव्यात ठेवायची. आमच्या फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी त्यांचा डबा असे, आणि तो बघायला ते रोज संध्याकाळी येत.

त्यांना कोणी बीट खा, खजूर खा म्हटलं की संपलं! जन्म सरकारी कचेरीत गेलेला. "बीटानं जीभ लाल होती, साहेब. खून हाडात बनतो. हाडं बिचारी तयार बसलीत, पर किडनीची ऑर्डरच निघंना. मंग ऑर्डर बाहेरून मागवायची, और क्या!" तेव्हा राज्याची वाटणी चालू होती. कचेऱ्यांतली कपाटंसुद्धा आंध्र आणि तेलंगणात विभागली जात होती. आपल्या किडनीची फाईलही त्यातच अडकलीय, असं नागोराव गंभीरपणे सांगत.

लाईट गेली की ते जिना चढू लागत. रक्त कमी असलं की दम लागतो; प्रत्येक वळणावर थांबून कठड्याला टेकत. वर पोचले की फ्रिजला पाठ लावून उभे. "कोई खोलना नक्को!" एकदा मीच थंड पाण्यासाठी हात पुढे केला, तर मला माझ्याच घरात माठातलं पाणी प्यावं लागलं. बायको हसायची. मी तसा कोरडा माणूस. मला वाटे, म्हातारा जरा जास्तच करतो.

मग आम्हा सरकारी नोकरांच्या वाटणीची यादी लागली आणि माझं नाव आंध्राकडे गेलं. बिऱ्हाड विजयवाड्याला न्यायचं ठरलं. बायकोचा पहिला प्रश्न, "काकांच्या सुईचं काय?" मी व्यवहारी तोड काढली. जुना फ्रिज त्यांना द्यायचा, तिकडे नवा घ्यायचा. नागोराव "नक्को, नक्को, सूनबाई" म्हणत राहिले. मी ऐकलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी जागा बघायला खाली गेलो. इतक्या वर्षांत त्यांच्या घरात पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ.

स्वयंपाकघरात एक फ्रिज उभा होता. मी दार उघडलं. दुधाची पिशवी, अर्धं लिंबू, चार मिरच्या. गार हवा हातावर आली.

"काका, हा चालतो?"

"चालतो की."

"मग सुई आमच्याकडे का?"

नागोराव शर्टाची वरची गुंडी चाचपू लागले.

"इथं ठेवली असती, तर वर येऊन काय बोललो असतो? काम नसताना रोज रोज कसं यावं माणसानं?"

मी फ्रिजचं दार लावलं.

"नुसतंच यायचं की, काका," मी म्हणालो. वर बायको शेवटची भांडी पोत्यात भरत होती. ट्रक सकाळी यायचा होता.