दोन लाख ठिपके आणि एक गडगा

पाणी कुठे जाणार, हे पाण्याच्या आधी मला कळतं! बढाई नाही, नोकरीच आहे माझी. महाडच्या एका केमिकल कंपनीत टाकीतलं पाणी कसं घुसळतं, ते मी कॉम्प्युटरवर पाहतो. पूर्वी त्यासाठी पाण्यावर जाळी आखावी लागायची. आमच्या नव्या सॉफ्टवेअरला जाळीच लागत नाही. पाणी म्हणजे लाखो निळे ठिपके, आणि प्रत्येक ठिपका शेजाऱ्याचा अंदाज घेत आपली वाट काढतो.

तर पोलादपूरजवळ माझ्या सासरवाडीला मेहुणीचा, सोनालीचा साखरपुडा होता. मुलाकडची, तुडील गावची साठ माणसं बाराला जेवायला येणार, आणि झऱ्यावरून भरणारी टाकी नेमकी मांडवात ओसंडत होती.

"फावडं मारून पानी फिरवतो," सासरे भिकाजी म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम हाय."

"मामा, फावडं कुठे मारायचं ते आधी ठरवू!" मी लॅपटॉप उघडला.

अंगण मोजलं, उतार घातला, कडेच्या दगडी गडग्यापुढे 'भिंत' असं लिहिलं आणि दुसरा चहा मागवला. नऊ वाजता पडद्यावर दोन लाख ठिपके गडग्याला लागून शिस्तीत नाल्याकडे गेले. एकही पलीकडे नाही!

"अहो, बाबांना एकदा विचारा ना," बायको, सारिका, म्हणाली.

"बाबांना काय विचारायचं? ठिपके दिसतायत की!"

गडग्याच्या कडेने चर मी स्वतः खणला. पाणी सोडलं. चार पावलं गेलं आणि गडप! मांडव कोरडा ठणठणीत! नाल्यात थेंबही पोचला नव्हता, पण मी तिकडे बघतोय कशाला? मी कमरेवर हात ठेवून उभा.

"अगो प्रयागे! चुली इझल्या गो!" गडग्यापलीकडून शेजारच्या काशीबाई माझ्या सासूबाईंना हाका मारत होत्या. साखरपुड्याचा सगळा स्वयंपाक त्यांच्याच अंगणात चालला होता! धावत गेलो. तिन्ही चुली पाण्यात, भात अर्धाकच्चा.

"अरं, गडगा नुस्ता दगडावर दगड. चुना नाय, माती नाय. त्यातनं मुंगूस जातं, मंग पानी जानार नाय व्हय?" काशीबाई माझ्यावर कडाडल्या.

"आमच्या कंपनीत भिंती लोखंडाच्या असतात," मी पुटपुटलो.

"मंग कंपनीतच जेवाया घाल पावन्यांना!"

सासऱ्यांनी फावडं घेतलं. पाणी नाल्याला लागायला वीस मिनिटंही लागली नाहीत. मला मात्र काशीबाईंनी चुलीपुढे बसवलं. ओली लाकडं, तोंडभर काजळी, गुडघ्यापर्यंत चिखल. लाजेने मान वर होत नव्हती.

भात शिजायला एक वाजला. पाहुणे तोवर सरबतावर होते. मुलाचे वडील पाय मोकळे करत चुलीपर्यंत आले, सोबत सासरे.

"थोरले जावय इंजिनेर हायत म्हनं. कुठं दिसत नायत?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुसत अर्धा उठलो.

"कंपनीत अडकलेत," ते शांतपणे म्हणाले.

मी पुन्हा खाली बसलो आणि फुंकणी तोंडाला लावली. खरं सांगतो, सासऱ्यांचा इतका आधार मला कधीच वाटला नव्हता!